हुंकार अंगठ्यानं द्यायचा

आमच्या वाडीत कुणी काही सांगू लागलं, की ऐकणाऱ्यानं मधून मधून "हं" म्हणायचं असतं. नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही, हनुवटी खाली गेली पाहिजे. थोरलं माणूस बोलतंय आणि समोरचं मख्ख बसलंय, हे पासलीपासून वेल्ह्यापर्यंत कुठंही चालायचं नाही. सांगणारा तिथंच थांबतो आणि विचारतो, "कानात बोळं घातल्यात का?" मोबाईलवर बोलतानासुद्धा आमच्या बायका माना हलवतात. पलीकडच्याला दिसत नाही हे त्यांना कळतं, पण मानेला कळत नाही.

याला आम्ही हुंकार देणं म्हणतो. या हुंकारापायी मी एका बाईचं बोलणं पणाला लावलं. ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ.

आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्कांचा या घरात जम बसलेला होता आणि मी म्हणजे एक ध्यान होतं. सातवी पास, त्यामुळे नाक वर. आणि चुलीत फुंकर घातली की राख उडून त्याच नाकात. आक्का सतत बोलायच्या. तांदूळ निवडताना, गुरं बांधताना, मिश्री लावतानासुद्धा गालाच्या एका कडेनं बोलणं चालूच. मी शेजारी बसून हुंकार द्यायची. त्यातले निम्मे खोटे. मन माहेरच्या बोरीखाली आणि मान इकडे आपली डुलतेय. एकदा आक्का सांगता सांगता म्हणाल्या, "मंग काय, दिली त्या म्हशीला फाशी."

मी म्हटलं, "हं."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सांगायला लागल्या. मला वाटलं, सुटले.

पुढे मी अंगणवाडीत लागले. तिथं माझी वरात निघाली. पोरांना गोष्ट सांगायची तर पोरांचं लक्ष खिडकीबाहेरच्या शेळीकडे. मग मी गोष्टीत गळासारखे आकडे लावायला शिकले. "आन् मग कोल्ह्यानं काय केलं आसंल?" असं विचारून गप्प बसायचं. पोरं आकड्यात अडकून माना हलवायची. ही खोड नोकरी सुटली तरी सुटली नाही. घरात भाजीला मीठ जास्त झाल्याचं सांगतानाही मी मध्ये थांबून समोरच्याचा हुंकार वसूल करते.

गेल्या वर्षी भाताची झोडणी चालू होती. आक्का खळ्याच्या कडेला बसून माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ए धाकटे, तो तांब्या दे हिकडं."

मी तांब्या दिला.

"ह्यो न्हवं गं. तांब्या, तांब्या!" आणि बोट सुपाकडे.

सगळी हसली. आक्काही हसल्या. सगळ्यांत जास्त मी हसले, आणि तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! पुढे कित्येक दिवस मी वाडीभर त्यांची नक्कल करत हिंडले. सुपाला तांब्या, तांब्याला पाटी. "आता पानी कशात देऊ, आक्का, सुपात का?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आणखी एक-दोन शब्द असेच इकडचे तिकडे झाले, तेही मी माझ्या खेळात घातले. म्हातारपणी माणूस शहाणं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या दिवसांत बघायला हवं होतं.

मग एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या आक्कांचा उजवा हात थरथरायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि बोलणं बंद. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्यांच्या तोंडून शब्द नाही. थोड्या वेळानं सगळं परत आलं. पण आमच्या घरात आक्का गप्प बसल्यात असं मी तोपर्यंत कधी अनुभवलेलं नव्हतं. घर रिकामं झाल्यासारखं वाटलं.

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. पुण्याला डोक्याचा फोटो निघाला, त्यात डाव्या बाजूला गाठ. सर्जनसाहेबांनी आक्कांच्या मुलाला आणि मला समोर बसवून समजावलं. गाठ काढावीच लागेल. पण डोक्यात जिथं बोलणं राहतं, त्याच्या अगदी शेजारी ती आहे. बोलण्याची जागा प्रत्येकाची थोडी इकडे तिकडे असते. ती नेमकी कुठं आहे हे न बघता आत गेलो तर गाठीबरोबर बोलणंही निघून यायचं.

आक्का मध्येच म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ द्या की गाठ. बोलल्याबिगर म्या काय करू?"

मला हसू आलं नाही. सुपाच्या नकला एकेक करून आठवायला लागल्या.

ती जागा बघायची तर एक वेगळा फोटो काढतात. माणसाला नळीसारख्या मशीनमध्ये झोपवायचं, कानात काहीतरी ऐकवायचं आणि ऐकत असताना फोटोंवर फोटो काढत राहायचं. डोक्यातला जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त जातं, आणि ते मशीनला दिसतं. हे मला सर्जनसाहेबांनी सांगायची गरज नव्हती. माझ्या लेकीची लेक याच कामात आहे.

लेक किकवीला दिलेली. तिची ही मुलगी रोज बाईकवरून हायवेनं पुण्याला एका संस्थेत जाते. काम काय, तर हे डोक्याचे फोटो लवकर कसे निघतील ते शोधायचं. मी एकदा गवार निवडत असताना तिनं मला समजावलं होतं. जुन्या पद्धतीत मशीन डोक्याची एकेक चकती करून फोटो घेतं, जशी एकेक शेंग घेऊन चिरावी. सगळं डोकं एकदा घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मेंदू पुढच्या कामाला लागलेला असतो. नव्या पद्धतीत जुडी धरायची आणि चार-पाच शेंगा एकदम चिरायच्या.

"मग तुकडे मिसळत्यात की," मी म्हटलं. "कुठला कुठल्या शेंगेचा, कसं कळणार?"

"तेच तर माझं काम आहे, आजी. डोक्यावर एक पिंजरा बसवतात. त्याला सगळ्या बाजूंनी बारीक बारीक कान असतात. ह्या बाजूच्या कानाला ही शेंग मोठ्यानं ऐकू येते, त्या बाजूच्या कानाला ती. त्यावरून तुकडे परत लावायचे."

"आन् एवढी घाई कशापायी?"

"म्हातारी माणसं, लहान मुलं, दुखणारी माणसं इतका वेळ न हलता पडून राहू शकत नाहीत म्हणून."

मी स्वतः तिच्यासाठी त्या नळीत जाऊन आले होते. तिला चांगल्या तब्येतीची म्हातारी माणसं हवी होती. आत जाण्याआधी अंगावरचं सगळं लोखंड काढायचं. माझ्या बांगड्यांना अडकवलेल्या पिनाच इतक्या निघाल्या, की तिथल्या मुलीनं त्या ठेवायला वाटी आणली. आत आवाज असा, की ट्रॅक्टर चालू होता होईना आणि त्याचा मालक ऐकेना. डोकं तांदळाच्या दाण्याएवढंही हलवायचं नाही. मी धोंड्यासारखी पडून राहिले. नात म्हणाली, "आजी, तुझ्यासारखं कुणीच पडलं नाही." झालं. मी तेव्हापासून स्वतःला त्या खात्यातली समजायला लागले.

तिच्या कामासाठी माझ्याच आवाजातल्या गोष्टी तिनं आधी मोबाईलमध्ये भरून घेतल्या होत्या. आकड्यांसकट. कॉलेजची पोरं त्या ऐकत नळीत पडून राहायची आणि काही बिघडायचं नाही, कारण पुण्यातली पोरं हुंकार देत नाहीत. तरी आक्कांची पाळी ठरली तेव्हा नातीनं मला बजावून सांगितलं. हॉस्पिटलनं तिला मदतीला बोलावलं होतं, पण मशीन तिथलं, नेहमीच्या पद्धतीनं, शेंग शेंग चिरणारं.

"मोठ्या आजीला छापील मराठी ऐकवण्यापेक्षा तुझ्या बोलण्यातलं ऐकवू. पण आजी, सरळ सांग. तिला हसवायचं नाही. मध्ये प्रश्न नाही विचारायचे. ती हलली की सगळं गेलं."

"व्हय गं बाय. मला नको शिकवूस. म्या आत जाऊन आलीया."

किकवीला माजघरात दार लावून मी गोष्ट भरली. अंगणवाडीतल्या कोल्ह्यालांडग्यांच्या गोष्टी आक्कांना काय सांगायच्या! मी निवडली धुक्याची गोष्ट. ती आमच्या दोघींची. लग्नानंतरच्या पहिल्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मला खाचरावर भाकरी घेऊन धाडलं. कुठल्या खाचरात जायचं ते आक्कांनी अंगणातून हात करून सांगितलं होतं, मी "हं" म्हटलं होतं आणि ऐकलं काहीच नव्हतं. बाहेर असं धुकं, की स्वतःच्या हातातली पाटी दिसेना. खाचरात सगळी माणसं इरली पांघरून वाकलेली. पाठीवर इरलं आणि तोंड चिखलाकडे, मग कोण दीर, कोण नवरा, कोण सासरा, ओळखणार कसं? नवी नवरी, तोंड वर करून विचारायची लाज. मी पाटी उतरवली, पदर सावरला आणि खाली मान घालून सगळ्यांना वाढलं. ती माणसं भरपेट जेवली. कुणी चकार शब्द बोललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं ढेकर देऊन विचारलं, "पोरी, तू कुनाची गं?"

आमची माणसं दोन बांध पलीकडे उपाशी होती.

घरी आल्यावर सासूबाई फुंकणी घेऊन उभ्या. तेव्हा आक्का पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "म्याच धाडली तिकडं, आत्याबाई. चुकून सांगितलं." पुढचे दोन दिवस सासूबाई आक्कांशी बोलल्या नाहीत. मी कोपऱ्यात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. तोंडातून एक शब्द काढला नाही.

ही गोष्ट मी भरली. आणि मला राहवलं नाही. आक्का तिथं त्या पिंजऱ्यात घाबरून पडतील, त्यांना जरा घरच्यासारखं वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हुंकाराशिवाय गोष्ट सांगायला मला जमत नाही आणि मला ती आक्कांना हसवून दाखवायची होती. मी आकडे लावले, नेहमीपेक्षा जास्त. "आन् मंग, आक्का, म्या काय केलं आसंल?" "आइकताय न्हवं?" "बगा, तुमाला ठावं हाय, तरी सांगते, काय?" नातीनं सुरुवातीचं थोडं ऐकलं, बरं वाटलं, बाकीचं माझ्यावर विश्वास ठेवून तसंच घेतलं.

त्या दिवशी मला काचेच्या अलीकडे, मशीन चालवणाऱ्यांच्या मागे बसू दिलं होतं. आक्का नळीत गेल्या. थोडा वेळ माझी गोष्ट, मग थोडा वेळ तीच गोष्ट उलटी फिरवलेली, जिचा काही अर्थ लागत नाही. मग परत गोष्ट. दोन्हींतला फरक बघून बोलण्याची जागा शोधायची होती. समोरच्या पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. आक्कांचं डोकं हललं की ती उडायची, असं नातीनं सांगितलं होतं.

रेघ उडाली. मग परत उडाली. मी मनातल्या मनात गोष्टीबरोबर चालत होते, त्यामुळे मला कळलं की कुठल्या जागी उडतेय. पहिल्या खेपेला, खरं सांगते, मला बरं वाटलं. आक्कांनी हुंकार दिला! इतक्या आवाजात, त्या पिंजऱ्यातसुद्धा, त्यांनी मला हुंकार दिला. मग मी नातीकडे पाहिलं. तिनं कानाला लावायचं यंत्र उचलून स्वतः गोष्ट ऐकायला सुरुवात केली होती. तिची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

मशीन मध्येच थांबवून तिनं आत आवाज दिला, "मोठी आजी, हलायचं नाही."

आतून आवाज आला, "न्हाई हलत गं, बाय." आणि हे बोलतानाही रेघ उडाली.

पुन्हा सुरू केलं. दुसरी गोष्ट हाताशी नव्हती. आक्का पाठीच्या दुखण्यानं कण्हायला लागल्या, खोकला आला, आणि शेवटी त्यांना बाहेर काढलं. बाहेर आल्या त्या खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "लई ग्वाड सांगितलंस, धाकटे. आपल्या घरात बसल्यागत वाटलं."

सर्जनसाहेबांनी फोटो बघून कपाळाला आठ्या घातल्या. हलण्याचं काही नाही, माणसं हलतात. पण आक्का नेमक्या गोष्ट चालू असताना हलल्या होत्या आणि उलट्या आवाजात गप्प होत्या. मग पडद्यावर जे उजळलं ते ऐकल्यामुळे की मान हलल्यामुळे, हे वेगळं काढता येईना. त्यांनी विचारलं, "असं कसं झालं?"

"गोष्ट निवडताना माझी चूक झाली, सर," नात म्हणाली. "मी पूर्ण ऐकायला हवी होती."

मी तिथंच होते. भिंतीला टेकून. चप्पल काढून ठेवलेली होती आणि माझ्या पायाचा अंगठा फरशी उकरत होता. इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, मी पुन्हा त्याच कोपऱ्यात उभी होते आणि दुसरंच कुणीतरी माझ्यासाठी बोलणी खात होतं. तेव्हा निदान नवरी होते असं म्हणायला जागा होती.

बाहेर जिन्यात मी नातीला म्हटलं, "म्या जाऊन सांगू का त्यास्नी?"

"सांगून काय होणार, आजी? फोटो परत येणार आहे का?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पुढची पाळी लगेच मिळेना. मध्ये आक्कांना पुन्हा झटका आला. त्यानंतर शब्द आणखी निसटायला लागले. गाईला "ती... ती चार पायांची" म्हणायच्या. मी आता नकला करत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि अडलेला शब्द मनात आधीच तयार ठेवायची, पण पुढे करायची नाही, कारण पुढे केला की त्यांना राग यायचा. रोज उठून मला वाटायचं, गाठ आज किती सरकली असेल. मी आकडे लावले नसते तर आज टाके वाळत आले असते.

नातीनं तिकडे वरच्या लोकांना धरलं. तिच्या संस्थेतलं मशीन, तिची जुडीवाली पद्धत. आक्कांची पाठ आणि खोकला बघता थोडाच वेळ पडून राहणं जमणार होतं, आणि तेवढ्यात पुरेसे फोटो काढायचे तर तेच करायला हवं होतं. सर्जनसाहेब तयार झाले. आधी नवी पद्धत, आणि आक्कांना झेपलं तर नंतर जुनी.

मी गोष्ट नव्यानं भरली. या वेळी नातीच्या समोर बसून. सरळ, आकडे नाहीत, हसू नाही. किकवीला आम्ही ती मोबाईलवर आक्कांना ऐकवली. आक्कांनी थोडा वेळ ऐकली आणि विचारलं, "ही कोन गं सांगतीया? यष्टी स्टँडावरली बाय?" मग डोळे मिटले आणि घोरायला लागल्या.

नातीनं डोक्याला हात लावला. "झोपली तर काय उजळणार!"

आक्कांना उठवून मी म्हटलं, "आक्का, मंग म्या पयल्यासारखीच सांगते. पर तुमी हुंकार द्यायचा न्हाई."

"आसं कसं? हुंकार न्हाई दिला तर तुला वाटंल म्या आइकतच न्हाई."

"न्हाई वाटायचं."

"तुला न्हाई वाटायचं," आक्का म्हणाल्या, "मला वाटंल की."

नात आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग म्हणाली, "मोठी आजी, हुंकार दे. पण मानेनं नको, अंगठ्यानं दे. माझ्याकडे एक बटण आहे, कामाला येतं ते. प्रत्येक हुंकाराला ते दाबायचं. हाताची जागा डोक्यात वेगळीकडे असते, ती ह्यात घोटाळा करत नाही."

उजव्या हाताच्या अंगठ्यात जोर नव्हता, म्हणून डावा अंगठा ठरला. मग सराव. आक्कांना लेकीच्या कॉटवर उताणं झोपवलं आणि कपाळावर पाणी भरलेलं फुलपात्र ठेवलं. मी शेजारी बसून सांगू लागले. "आन् मंग, आक्का, म्या काय केलं आसंल?"

हनुवटी खाली गेली. पाणी डोळ्यांत, कानांत, उशीवर.

"तुज्या गोष्टीच्या आयला!" आक्का उठून बसल्या. हे मात्र शब्द न अडखळता आले.

दुसऱ्या दिवशी थोडं कमी सांडलं. मग आणखी कमी. मी त्यांचा डावा हात माझ्या तळहातावर घेऊन बसायची आणि आकडा लावला की अंगठ्याची वाट बघायची. आधी मान आणि अंगठा दोन्ही हलायचे. मग मान नुसती हलावीशी वाटायची, ते मला त्यांच्या गळ्याच्या शिरेवरून दिसायचं, आणि अंगठा दाबला जायचा. एका दुपारी सगळी गोष्ट संपली आणि फुलपात्रातलं पाणी जागचं हललं नाही. लेकीनं चहा टाकला.

नातीच्या संस्थेत आक्कांच्या डाव्या हातात बटण दिलं आणि उजव्या हातात एक रबरी फुगा, जीव घाबरला तर दाबायला. पहिल्याच आकड्याला आक्कांनी फुगा दाबला. मशीन थांबलं, आत दोघं-तिघं धावले.

"काय झालं, मोठी आजी? घाबरलीस?"

"न्हाई गं. हुंकार दिला."

"डावा! डावा अंगठा!"

पुन्हा सुरू झालं. मी काचेच्या अलीकडे होते, पण या वेळी हात पदरात गुंडाळून आणि तोंड मिटून. रेघ सरळ चालली. आकडा आला, रेघ सरळ. दुसऱ्या पडद्यावर अंगठ्याची एक छोटी खूण उमटली. पुढे एकदा खोकला आला तेव्हा रेघ घेवड्याच्या वेलासारखी वर गेली. मी उठून उभी राहिले. नात पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "असू दे, आजी. एवढ्यातले थोडे फोटो टाकून देऊ. आता खूप आहेत." जुन्या पद्धतीत तेवढ्या खोकल्यात बरंच वाया गेलं असतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. जुन्या पद्धतीची पाळी आलीच नाही. पाठ धरली म्हणून आक्कांना बाहेर काढावं लागलं. जे हातात आलं ते घाईघाईचंच, जुडीनं चिरलेलं.

पण त्यात दिसलं. गाठीच्या मागच्या कडेला लागून बोलण्याची जागा उजळली होती. मध्ये फट होती, बारीक. नातीनं बोट ठेवून दाखवली. मी विचारलं, "पयल्या खेपेला नीट झालं आसतं, तर ही फट मोठी दिसली आसती का?"

तिनं फटीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मला नाही माहीत, आजी. खरंच नाही माहीत."

तिनं "नाही" म्हटलं असतं तर मी झोपले असते. पण तिचं कामच असं, की जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही.

ऑपरेशन झालं. सर्जनसाहेबांनी फटीच्या बाजूचा गाठीचा थोडा भाग मुद्दाम सोडला, बोलण्याला धक्का लागू नये म्हणून. त्याच्यावर आता औषधं चालू आहेत. शुद्धीवर आल्यावर आक्का काही बोलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, वाट बघा. मी कॉटशेजारी बसून त्यांचा डावा हात तळहातावर घेतला आणि धुक्याची गोष्ट सुरू केली. "आन् मंग, आक्का, म्या काय केलं आसंल?" म्हटलं आणि थांबले. मग अंगठा दाबला गेला.

आता आम्ही वाडीत आहोत. आक्कांना सगळं कळतं. बोलतातही, पण एकेक शब्द खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर येतो, आणि कधी कधी पोहऱ्यात भलतंच येतं. सुपाऐवजी तांब्या अजूनही येतो. त्यांचं पूर्वीचं बोलणं होतं ते ओढ्याच्या पाण्यासारखं. त्यातलं किती गाठीनं नेलं, किती चाकूनं, आणि किती माझ्या आकड्यांनी, ते वेगळं काढणारं मशीन नातीकडेही नाही. ती दर रविवारी किकवीहून येते, मोठ्या आजीशी गप्पा मारते, माझ्याशीही मारते. त्या दिवसाचं एका शब्दानं काढत नाही. मीच काढते, मग ती म्हणते, "आजी, भाकरी करपतेय."

परवा दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. समोरचा तोरणा ढगात बुडालेला. आक्कांनी माझा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्या... दिशी... धुकं..."

मला कळलं, गोष्ट आज त्या सांगणार. पुढचं मला पाठ होतं. सासूबाई, फुंकणी, आक्कांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं. माझे डोळे भरून आले आणि मी घाईनं म्हटलं, "हं."

त्यांनी अंगठा माझ्या तळहातात रुतवला. "थांब. झालं... न्हाई. हुंकार... मागनं."

मी थांबले. एक एसटी खालच्या वळणावरून वेल्ह्याकडे गेली. आक्कांचे ओठ शब्द जुळवत होते.

"म्या... खोटं... न्हवते बोलले. म्याच... धाडली... तुला... त्या खाचरात." थोडं थांबून, "मुद्दाम." आणि तोंडाच्या उजव्या कडेला, जी अजून नीट हलत नाही, तिथं थोडं हसू आलं. "तू... आइकत... न्हवतीस. म्हशीला... फाशी दिली... तरी... हं."

लग्नापासून आजवर ती लाज मी माझी म्हणून वागवली, पोरानातवंडांना हसून हसून सांगितली, त्या एका वाक्याच्या उपकाराखाली आक्कांपुढे वाकून राहिले. आणि आता हे. खरंच त्यांनी मला मुद्दाम धाडलं होतं? की सुपाचा तांब्या होतो तसे शब्द इकडचे तिकडे झाले? की त्या आकड्यांच्या चुकीपायी माझं तोंड उतरलंय हे ओळखून, सासूबाईंपुढे झाल्या तशाच पुन्हा एकदा पुढे झाल्या?

"आक्का," मी म्हटलं, "खरं सांगा."

त्यांनी माझा तळहात उताणा करून मांडीवर ठेवला आणि अंगठा दाबला. तेव्हापासून त्याचं काही विचारलं की तेवढंच करतात.